सर्व्हरचा प्रोसेसर आणि लॅपटॉपचा प्रोसेसर: वेग कोणाचा, उरक कोणाचा

एएमडी या कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्व्हरसाठी, म्हणजे एकाच वेळी अनेकांची कामे करणाऱ्या संगणकांसाठी, ‘एपिक ९६५४’ हा प्रोसेसर बाजारात आणला, तेव्हा त्याची जाहीर किंमत ११,८०५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे साडेनऊ लाख रुपये होती. पुढच्या वर्षी त्याच कंपनीचा ‘रायझन ७ ७८४०यू’ हा प्रोसेसर पातळ आणि हलक्या लॅपटॉपमध्ये दिसू लागला. असा आख्खा लॅपटॉप त्या सर्व्हर प्रोसेसरच्या किमतीच्या एका लहानशा अंशात विकत घेता येत होता. तरीही एकाच कोरवर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच घटकावर, चालणारा एखादा साधा प्रोग्राम, उदाहरणार्थ एक्सेलमधला लांबलचक मॅक्रो, या दोन्हींवर चालवला, तर तो बहुधा लॅपटॉपवर आधी पूर्ण होईल. महागडी वस्तू मागे पडते हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्यात दोष कोणाचाच नाही. दोन्ही प्रोसेसर वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे म्हणून घडवलेले आहेत, आणि तुलना करणाऱ्याने प्रश्न कोणता हे आधी ठरवले नाही, तर हाती येणारा आकडा खरा असूनही निरुपयोगी ठरतो.

ही जोडी मुद्दाम निवडली आहे. सर्व्हर आणि लॅपटॉप यांची तुलना करताना बहुतेक वेळा दोन कंपन्यांचे, दोन पिढ्यांचे किंवा दोन वेगळ्या आराखड्यांचे प्रोसेसर समोर ठेवले जातात, आणि मग फरक नेमका कशामुळे पडला हे कळत नाही. एपिक ९६५४ आणि रायझन ७८४०यू या दोन्हींमध्ये मात्र ‘झेन ४’ याच आराखड्याचे कोर आहेत. सूचना वाचून प्रत्यक्ष गणित करणारा प्रोसेसरचा स्वतंत्र घटक म्हणजे कोर. प्रत्येक कोर एका अंतर्गत घड्याळाच्या ठोक्यांवर चालतो, आणि एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. कोरची रचना सारखी असल्यामुळे घड्याळाच्या एका ठोक्यात होणारे कामही दोन्हीकडे जवळपास सारखेच असते. फरक आहे तो संख्येत, घड्याळाच्या गतीत आणि कोरच्या भोवतालच्या व्यवस्थेत. एपिकमध्ये असे ९६ कोर आहेत, रायझनमध्ये ८. एपिकचा एखादा कोर जास्तीत जास्त ३.७ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो, तर रायझनचा ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत. म्हणजे एकट्या कोरच्या शर्यतीत लॅपटॉपचे घड्याळ सुमारे ३८ टक्के पुढे आहे.

‘कामगिरी’ या एका शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी मोजल्या जातात. एक काम सुरू केल्यापासून पूर्ण होईपर्यंत किती वेळ लागला, हा झाला वेग. ठरावीक वेळात एकूण किती कामे हातावेगळी झाली, हा झाला उरक. रसवंतीवर एक पेला रस दोन मिनिटांत मिळतो. साखर कारखान्यात त्याच उसाची साखर व्हायला कित्येक तास लागतात, पण तो कारखाना दिवसाला हजारो टन ऊस गाळतो. लॅपटॉपचा प्रोसेसर वेगासाठी बांधलेला असतो आणि सर्व्हरचा उरकासाठी, हे विधान ढोबळ असले तरी पुढच्या जवळजवळ प्रत्येक तपशिलाचे कारण त्यात सापडते.

मग ९६ कोरही ५.१ गिगाहर्ट्झने का धावू नयेत? उत्तर विजेत आहे. प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टर उघडझाप करताना जी वीज खर्च होते, ती घड्याळाच्या गतीच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. घड्याळ वेगाने चालवायचे तर व्होल्टेजही वाढवावे लागते, त्यामुळे दोन्ही वाढींचा गुणाकार होतो. समजा घड्याळ ४० टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज ३० टक्के वाढवावे लागले, तर वीज १.४ गुणिले १.६९, म्हणजे सुमारे २.४ पट लागते. काम मात्र फार तर १.४ पट होते. एका कोरसाठी आणि काही सेकंदांपुरता हा सौदा परवडतो. ९६ कोरसाठी, दिवसरात्र, हजारो यंत्रे असलेल्या इमारतीत तो परवडत नाही, कारण आत गेलेला प्रत्येक वॅट अखेर उष्णता होऊन बाहेर पडतो आणि ती उष्णता काढून टाकण्यासाठी पुन्हा वीज लागते. साधारण २००५ पर्यंत ट्रान्झिस्टर लहान होत गेले की व्होल्टेजही उतरत असे, म्हणून घड्याळ वाढवणे स्वस्त पडत होते. ते थांबल्यावर कोरची संख्या वाढवणे हाच मुख्य मार्ग उरला.

या दोन प्रोसेसरचे विजेचे आकडे पाहिले की एक रूढ समज कोसळतो. एपिकची मर्यादा ३६० वॅट आहे आणि रायझनची नेहमीची मर्यादा २८ वॅट. पहिल्या आकड्याला ९६ ने आणि दुसऱ्याला ८ ने भागले, तर प्रत्येक कोरच्या वाट्याला अनुक्रमे ३.७५ आणि ३.५ वॅट येतात. सर्व्हरमधला कोर जास्त वीज पिऊन जास्त बलवान झालेला नसतो. त्याचा वाटा लॅपटॉपमधल्या कोरएवढाच असतो, आणि त्यातूनच त्याला मेमरी व इतर उपकरणांशी बोलणाऱ्या मोठ्या यंत्रणेचा खर्चही भागवावा लागतो.

लॅपटॉपची खरी चतुराई त्या २८ वॅटच्या वाटपात आहे. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा एक-दोन कोर क्षणभर पूर्ण वेगाने धावतात, बाकीचे झोपलेले असतात, आणि काम संपताच धावणारेही झोपी जातात. ५६ वॅट-तासांची बॅटरी ८ तास टिकायची असेल, तर पडद्यासह संपूर्ण लॅपटॉपला सरासरी ७ वॅटमध्ये भागवावे लागते. पूर्ण क्षमतेने चालणारा ३६० वॅटचा प्रोसेसर तीच बॅटरी साडेनऊ मिनिटांच्या आत संपवेल. शिवाय बॅटरी हवी तेवढी मोठी करण्याचीही मुभा नाही. विमानात विशेष परवानगीशिवाय नेता येणाऱ्या लिथियम बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे, आणि मोठ्या लॅपटॉपमधल्या बॅटऱ्या त्या आकड्याच्या किंचित खाली येऊन थांबतात त्यामागे हेच कारण आहे.

या क्षणिक वेगाला किंमत मोजावी लागते. सगळे कोर एकाच वेळी कामाला लावले, तर पातळ लॅपटॉपचा प्रोसेसर पहिला काही काळ जोरात धावतो आणि मग तापमान किंवा विजेची मर्यादा आली की घड्याळ उतरवतो. तोच प्रोसेसर दोन कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये, वेगळ्या पंख्यासह आणि वेगळ्या मर्यादांसह बसवलेला असेल, तर निकाल वेगळे येतात. रायझन ७८४०यू १५ ते ३० वॅटमध्ये कोठेही बसवण्याची मुभा एएमडीने उत्पादकांना दिलेली आहे, म्हणून नुसते प्रोसेसरचे नाव वाचून कामगिरीचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. सर्व्हरचा प्रोसेसर याउलट सगळे कोर कामात असतानाही वेग टिकवण्यासाठी असतो. एपिक ९६५४ साठी सर्व कोर एकत्र धावतानाचा आकडा ३.५५ गिगाहर्ट्झपर्यंतचा आहे, म्हणजे एकट्या कोरच्या कमाल वेगापेक्षा अगदी थोडा कमी. पाच मिनिटांची चाचणी आणि पाच तासांचे काम यांत लॅपटॉप दोन वेगळ्या यंत्रांसारखा वागतो. सर्व्हर बराचसा एकसारखा वागतो.

आता मेमरीकडे वळू, कारण अनेक कामांत कोर गणित करत नसतो, तर माहितीची वाट पाहत असतो. कोरच्या निकट, चिपवरच असलेल्या जलद मेमरीला कॅशे म्हणतात. एपिकमध्ये तिसऱ्या पातळीची कॅशे ३८४ मेगाबाइट, म्हणजे प्रत्येक कोरमागे ४ मेगाबाइट आहे. रायझनमध्ये ती १६ मेगाबाइट, म्हणजे कोरमागे २ आहे. मुख्य मेमरीकडे जाणारे मार्ग एपिकला १२ आहेत आणि त्यांतून सेकंदाला ४६०.८ गिगाबाइट माहिती जाऊ शकते. रायझनचे दोन मार्ग ‘डीडीआर५-५६००’ या प्रकारच्या मेमरीसह सेकंदाला ८९.६ गिगाबाइट देतात. एकूण आकड्यांत सर्व्हर पाच पटींनी पुढे आहे, पण कोरमागे हिशोब केला तर चित्र उलटते. एपिकच्या प्रत्येक कोरच्या वाट्याला ४.८ गिगाबाइट येतात आणि रायझनच्या प्रत्येक कोरच्या वाट्याला ११.२. सगळे कोर एकदम मेमरीवर तुटून पडतील अशा कामात सर्व्हरचे कोर एकमेकांच्या रांगेत अडकतात. मोठी कॅशे ही अडचण काही प्रमाणात सावरण्यासाठीच दिलेली आहे.

तरीही एका बाबतीत लॅपटॉपची बरोबरी होऊच शकत नाही. एका एपिक प्रोसेसरला ६ टेराबाइटपर्यंत मेमरी जोडता येते. एखाद्या बँकेचा डेटाबेस २ टेराबाइटचा असेल, तर तो सर्व्हरच्या मेमरीत सबंध मावतो. लॅपटॉपला तो डिस्कवरून तुकड्या-तुकड्याने आणावा लागेल, आणि मग घड्याळ ५.१ गिगाहर्ट्झचे असले काय किंवा ३.७ चे असले काय, वेळ डिस्कच ठरवेल. एवढी मेमरी जोडण्यासाठी सर्व्हरमधल्या मेमरीच्या पट्ट्यांवर संकेत सांभाळणारी एक मधली चिप असते, आणि तिच्यामुळे प्रत्येक मागणीला किंचित उशीर होतो. शिवाय एपिकचे ९६ कोर एका चिपवर नाहीत. आठ-आठ कोरच्या १२ लहान चिप आणि मधोमध एक जोडणारी चिप अशी त्याची मांडणी आहे, आणि एका गटातल्या कोरला दुसऱ्या गटाशी बोलायचे तर त्या मधल्या चिपवरून जावे लागते. रायझनमध्ये सगळे एकाच चिपवर आहे.

संख्येच्या बळाला आणखी एक मर्यादा आहे, आणि माझ्या मते सर्व्हर विकत किंवा भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकाने ती आधी समजून घ्यावी. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम असा, की कामाचा जो भाग वाटून देता येत नाही तोच अखेर एकूण वेळ ठरवतो. लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा संकलित करण्याचे, म्हणजे माणसाने लिहिलेल्या फाइलींचे प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांत रूपांतर करण्याचे, उदाहरण घ्या. त्यातल्या हजारो फाइली स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या कोरवर संकलित करता येतात. पण शेवटी त्यांची जोडणी करण्याचा टप्पा बराचसा एकाच कोरवर चालतो. एखाद्या कामाचा १० टक्के भाग असा अविभाज्य असेल, तर ८ कोरवर ते ४.७ पट जलद होते आणि ९६ कोरवर ९.१ पट. कोर बारा पट वाढले, फायदा दुपटीहूनही कमी झाला. त्यात सर्व्हरचे मंद घड्याळ धरले, तर तो फायदा आणखी आटतो. एका कोरवर चालणाऱ्या साध्या पायथॉन प्रोग्रामसाठी तर ९६ पैकी ९५ कोर नुसते बसून राहतात.

जिथे काम खरोखरच वाटता येते, तिथे मात्र हेच मंद कोर मोठे काम करून दाखवतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक सुरू झाला. त्यात इंटेलचे १८ कोरचे झिऑन प्रोसेसर होते आणि त्यांचे मूळ घड्याळ फक्त २.१ गिगाहर्ट्झचे होते. त्या काळातल्या अनेक लॅपटॉपच्या कमाल घड्याळापेक्षा हा आकडा कमीच आहे. पण अशा कोरची संख्या १,१९,२३२ होती आणि त्यांची एकत्रित कमाल क्षमता सुमारे ४ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला चार हजार लाख कोटी आकडेमोडी इतकी होती. हवामानाच्या प्रतिरूपात पृथ्वीचे वातावरण लहान-लहान चौकोनांत विभागले जाते, प्रत्येक कोर आपल्या चौकोनांचे गणित करतो आणि दर टप्प्यानंतर शेजाऱ्यांशी आकड्यांची देवाणघेवाण करतो. सगळ्यांचे आकडे आल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होत नाही, त्यामुळे सर्वांत मंद कोर सर्वांचा वेग ठरवतो. अशा कामात क्षणभर ५ गिगाहर्ट्झ गाठून मग तापून मंदावणारा प्रोसेसर उपयोगाचा नसतो. तिथे स्थिर वेग हीच कामगिरी असते.

रोजच्या इंटरनेटमागेही असाच हिशोब आहे. गूगलचे जेफ डीन आणि लुईझ आंद्रे बारोसो यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की एखादा सर्व्हर शंभरातून एकदाच सेकंदाहून अधिक वेळ लावत असेल आणि एका मागणीचे उत्तर तयार करायला अशा १०० सर्व्हरची गरज असेल, तर १०० पैकी सुमारे ६३ मागण्यांना सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून सर्व्हरच्या बाबतीत सरासरी वेळेपेक्षा सर्वांत वाईट वेळ अधिक बारकाईने पाहतात.

अचूकतेचेही तसेच आहे. गूगल आणि टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दरवर्षी सुमारे एक तृतीयांश सर्व्हरमध्ये मेमरीची किमान एक चूक आढळली होती. सर्व्हरच्या मेमरीत जादा बिट साठवून अशी एका बिटाची चूक जागच्या जागी दुरुस्त करण्याची सोय असते. बहुतेक लॅपटॉपमध्ये अशी संपूर्ण सोय नसते. कामगिरीच्या तक्त्यात या गुणासाठी रकाना नसतो, आणि मला ती त्या तक्त्यांची मोठी उणीव वाटते.

लॅपटॉपच्या चिपवर जे असते आणि सर्व्हरच्या चिपवर नसते, तेही मोजायला हवे. रायझन ७८४०यू मध्ये ग्राफिक्सचा मोठा विभाग आहे आणि व्हिडिओ उलगडण्यासाठी व आवळण्यासाठी स्वतंत्र मंडल आहे. त्यामुळे लग्नाचा व्हिडिओ संपादित करून निर्यात करायचा असेल, तर कोरना फारसे न शिणवता ते काम होते. एपिकमध्ये यातले काहीच नाही. त्याच्याकडे ९६ कोर आहेत, पण चित्र पडद्यावर दाखवण्याचे काम त्याला दिलेलेच नाही.

सर्व्हरचे सगळेच प्रोसेसर मंद घड्याळाचे असतात असेही नाही. त्याच पिढीतल्या ‘एपिक ९१७४एफ’ मध्ये फक्त १६ कोर आहेत, पण त्यांचे मूळ घड्याळ ४.१ आणि कमाल ४.४ गिगाहर्ट्झ आहे. कॅशे २५६ मेगाबाइट आणि विजेची मर्यादा ३२० वॅट, म्हणजे कोरमागे २० वॅट. एवढी वीज मोजक्या कोरवर उधळणारे गिऱ्हाईक कोण, याचे उत्तर सॉफ्टवेअरच्या परवान्यांत आहे. मोठ्या डेटाबेसचे परवाने अनेकदा कोरच्या संख्येवर आकारले जातात आणि ते प्रोसेसरपेक्षा कितीतरी महाग पडतात, त्यामुळे कमी पण जलद कोर घेणे अशा ठिकाणी फायद्याचे ठरते.

चाचण्यांचे आकडे वाचताना चाचणीची पद्धत पाहावी. ‘स्पेक सीपीयू २०१७’ या मान्यवर चाचणीत दोन वेगळे विभाग आहेत. ‘स्पीड’ विभागात एक काम पूर्ण व्हायला लागलेला वेळ मोजतात, तर ‘रेट’ विभागात त्याच कामाच्या अनेक प्रती एकदम चालवून उरक मोजतात. सर्व्हर विकणारे बहुधा ‘रेट’चा आकडा पुढे करतात आणि तो खोटा नसतो. लोकप्रिय ‘गीकबेंच’मध्ये पाचव्या आवृत्तीपर्यंत प्रत्येक कोरला स्वतंत्र काम मिळत असे. २०२३ च्या सहाव्या आवृत्तीपासून सगळे कोर मिळून एकच काम करतात, त्यामुळे ९६ कोरच्या यंत्राचा गुण पूर्वीच्या मानाने खूपच कमी दिसतो. यंत्र बदललेले नसते, प्रश्न बदललेला असतो. ‘सिनेबेंच’च्या अलीकडच्या आवृत्त्या मूळ मांडणीत किमान दहा मिनिटे चालतात, त्यामुळे लॅपटॉपचा टिकाऊ वेग त्यात थोडा तरी उघड होतो.

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून, दूरचा सर्व्हर भाड्याने घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि लहान व्यावसायिकांना आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. तिथे ‘२ व्हीसीपीयू’ (दोन आभासी प्रोसेसर) असे लिहिलेले असते तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ दोन कोर असा नसून एकाच कोरवरचे दोन थ्रेड, म्हणजे एकाच कोरवर एकदम चालणारे सूचनांचे दोन प्रवाह, असा असतो. म्हणजे ९६ कोरच्या प्रोसेसरमधला एक कोर, तोही लॅपटॉपपेक्षा कमी घड्याळाचा, आपल्या वाट्याला आलेला असतो. अशा सर्व्हरवर आपला प्रोग्राम लॅपटॉपपेक्षा सावकाश चालला, तर त्यात बिघाड शोधत बसू नये.

पैसे खर्च करण्यापूर्वी आपल्या लॅपटॉपवरच एक हिशोब करून पाहता येतो. आपले नेहमीचे काम आधी एका कोरवर आणि मग आठही कोरवर चालवून वेळ नोंदवावी. समजा एका कोरवर ६० मिनिटे लागली आणि आठ कोरवर १५. अ‍ॅमडाल यांच्या नियमानुसार कामाचा सुमारे १४ टक्के, म्हणजे साडेआठ मिनिटांचा भाग अविभाज्य निघतो. (आठ कोर एकदम चालताना लॅपटॉपचे घड्याळ उतरते, त्यामुळे हा भाग प्रत्यक्षापेक्षा थोडा मोठा दिसतो, पण अंदाजापुरते हे चालेल.) एपिक ९६५४ वर तो भाग मंद घड्याळामुळे सुमारे १२ मिनिटांचा होईल, उरलेले सर्व काम ९६ कोर एका मिनिटाच्या आत संपवतील, आणि एकूण वेळ साडेबारा मिनिटांच्या आसपास येईल. साडेनऊ लाखांच्या प्रोसेसरने अडीच मिनिटे वाचवली. पण अशी बारा कामे असतील, तर लॅपटॉप ती एकामागून एक करत तीन तास घेईल, आणि तोच सर्व्हर प्रत्येक कामाला आठ कोर देऊन बाराही कामे एकदम सुरू करील व मंद घड्याळ धरूनही सुमारे २२ मिनिटांत संपवील.